न केलेली सही

कोयनानगरहून उत्तरेकडे पाहिले की शिवसागराचे पाणी डोंगरांच्या कुशीत आत आत जाताना दिसते. हेळवाकपासून वर तापोळ्यापर्यंत कोयना नदीचे खोरे आज या पाण्याखाली आहे, आणि पाण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या दाट रानात, वासोट्याचा किल्ला उभा आहे. बामणोलीहून होडीने जाणारे तरुण आता तिथे साहसासाठी जातात. दोनशे वर्षांपूर्वी त्या किल्ल्यावर माणसे स्वखुशीने जात नसत. वासोटा म्हणजे तुरुंग. तिथे नेलेला माणूस पळून जाणार तरी कुठे? एका बाजूला कोकणात तुटलेले कडे, दुसऱ्या बाजूला कोयनेचे अरण्य.

दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी लढाई पुकारली तेव्हा शिवछत्रपतींच्या गादीचे वारस, चोवीस वर्षांचे प्रतापसिंह महाराज, आपल्या कुटुंबासह याच वासोट्यावर होते. पुढे बाजीरावाने राजांना, त्यांच्या मातोश्रींना आणि दोघा भावांना आपल्या लष्कराबरोबर फिरवत ठेवले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये इंग्रजी तोफांपुढे वासोटा पडला, तेव्हा गडावर अडकलेली राजघराण्यातली माणसे सुटली. त्याच महिन्यात साताऱ्याला प्रतापसिंहांची गादीवर पुन्हा स्थापना झाली.

वासोट्याच्या कैदेने राजांचे नाव मलिन झाले नव्हते. त्यांनी काही गुन्हा केला असे बाजीरावानेही कधी म्हटले नाही. ते छत्रपती होते, म्हणून कैदेत होते. सगळ्या मुलखाला हे ठाऊक होते, आणि म्हणूनच सुटल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. एकवीस वर्षांनी त्यांना दुसरी कैद झाली. या वेळी आधी आरोप आला, आणि तो आरोप कुठल्याही न्यायासनापुढे सिद्ध न होता त्यांच्या मरणापर्यंत त्यांच्या नावाला चिकटून राहिला. मला ही दुसरी कैद पहिलीपेक्षा फार क्रूर वाटते.

आधी ते राज्य कसे होते ते सांगायला हवे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरेपासून वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंतचा मुलूख राजांना मिळाला. कोयनेचे खोरे, पाटण, कऱ्हाड हे सगळे त्यातच. सुरुवातीला कॅप्टन जेम्स ग्रँट कारभार पाहत होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच, आणि त्या इतिहासासाठी साताऱ्याची दफ्तरे त्याच्यापुढे खुली झाली ती राजांमुळे. १८२२ मध्ये पूर्ण अधिकार हाती आल्यावर प्रतापसिंहांनी मन लावून राज्य केले. साताऱ्यात राजवाडा बांधला, शहराला पाणी आणले, महाबळेश्वरापर्यंत रस्ता केला, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. ते रोज पहाटेपासून कामाला बसत आणि रोजनिशी ठेवत. त्यांच्या जुन्या राजवाड्यातच पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले, आणि १९०० च्या नोव्हेंबरात भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचे नाव त्याच शाळेत दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंहांच्या नावाने ओळखली जाते.

लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनाही हा राजा आदर्श वाटत होता. १८३५ च्या अखेरीस त्यांनी राजांच्या कारभाराची वाखाणणी करणारे पत्र लिहिले आणि सोबत एक रत्नजडित तलवार भेट म्हणून पाठवली. ती तलवार राजांच्या हाती कधीच पडली नाही. ती हिंदुस्थानात येईपर्यंत मुंबई सरकारच्या लेखी राजे संशयित झाले होते, आणि तलवार मुंबईतच अडकवून ठेवली गेली. मधल्या काळात गुन्हा शाबीत झाला नव्हता. एक कुजबुज तेवढी सुरू झाली होती, आणि सत्कार रोखायला ती पुरली.

ही कुजबुज कुठून आली? खरे कारण जहागिरींच्या वादात आहे. अक्कलकोट, फलटण, जत, औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव यांच्यावर सातारच्या गादीचा वरिष्ठपणा आहे, आणि वारस नसलेली जहागीर परत गादीकडे यायला हवी, असे राजे तहाचे कलम दाखवून म्हणत होते. मुंबई सरकारला ते नको होते. राजांनी अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली, उत्तरे मिळेनात, तेव्हा त्यांनी मुंबईला ओलांडून थेट लंडनला आपले वकील पाठवायचे ठरवले. मुंबईच्या अधिकाऱ्यांना ते चांगलेच झोंबले. वरिष्ठाकडे तक्रार नेणाऱ्याला खालचा अंमलदार सहसा क्षमा करत नाही.

त्यात साताऱ्यातले घरचे भांडण मिसळले. छत्रपतींना वेदोक्ताचा, म्हणजे वैदिक मंत्रांनी संस्कार करून घेण्याचा, अधिकार आहे की नाही, परभूंचा दर्जा काय, यावरून शहरात मोठे ग्रामण्य, म्हणजे जातींच्या हक्कांचे भांडण, पेटले होते. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन त्यात राजांच्या विरुद्ध बाजूला होते. आणि बाळाजीपंत नातू, ज्यांनी १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले, तेही राजांच्या विरोधात होते. आरोप ऐकायला आणि तो पुढे न्यायला उत्सुक असलेली माणसे शहरात अशी आधीच तयार होती.

१८३६ च्या पावसाळ्यात साताऱ्याला असलेल्या तेविसाव्या पलटणीतल्या दोघा सुभेदारांनी आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सांगितले, की अंताजी नावाचा एक ब्राह्मण आपल्याला भेटतो, पलटण फोडण्याचे बोलतो, राजांचे दिवाण गोविंदराव यामागे आहेत, आणि आपली राजवाड्यात गुपचूप भेटही झाली आहे. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी ऑक्टोबरात एक गुप्त कमिशन नेमले. रेसिडेंट जनरल लॉडविक अध्यक्ष, कर्नल ओव्हन्स आणि सरकारचे सेक्रेटरी विलोबी सभासद.

या कमिशनचे गुप्त असणे हेच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे असे मी मानतो. मराठी मुलखात न्यायाची रीत काय होती ते आठवावे. पाटीलकीचा तंटा असो की बांधाचा, वादी आणि प्रतिवादी गोतसभेपुढे समोरासमोर उभे राहत. दोघांच्या तकरीरा लिहून घेतल्या जात, दोघांकडून जामीन घेतले जात, गावाच्या देवळात साक्षी होत. निवाडा झाला म्हणजे हरलेल्याने यजितखत लिहून द्यायचे, आपण हरलो असे कबूल करायचे, आणि जिंकलेल्याला निवाडपत्र मिळायचे. त्या पद्धतीत दोष होते, वशिले होते, दिव्यासारखे अघोरी प्रकारही होते. पण आपल्यावर आळ कोणी घेतला आणि काय म्हणून घेतला, हे आरोपीला कळत असे. कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या वतनदार पाटलाला जो हक्क होता, तो त्याच्या छत्रपतीला मिळाला नाही. राजांना कमिशनपुढे बोलावले गेले, पण साक्षीपुराव्याच्या नकला मागूनही मिळाल्या नाहीत. आरोप ज्यांनी केले त्यांची उलटतपासणी करायला वकील नव्हता. राजांचे मागणे शेवटपर्यंत एकच होते, की उघड चौकशी करा.

दिवाण गोविंदरावांना पकडून अहमदनगरला कैदेत ठेवण्यात आले. त्यांच्यावरही खटला नाही. काही महिन्यांच्या कैदेनंतर त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला आणि तो राजांविरुद्धचा पुरावा म्हणून दाखल झाला. गोविंदरावांच्या आई गिरिजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे आला होता. मुलगा निरपराध आहे, त्याने केले ते राजांच्या हुकमाने, असा त्याचा रोख होता. एका आईची कैफियत म्हणून या अर्जाला फार वजन मिळाले. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने स्वतःच सरकारला कळवले, की तो अर्ज आपण लिहिला. या कबुलीने सगळे प्रकरण मुळापासून तपासायला हवे होते. तसे झाले नाही. एकदा दोषी ठरवून टाकलेल्या माणसाच्या बाजूचा कागद दफ्तरात खालीच जातो, आणि विरुद्ध बाजूचा वर येत राहतो.

लॉडविक बदलले गेले आणि १८३७ मध्ये ओव्हन्स रेसिडेंट झाले. ज्याने कमिशनवर बसून राजांना दोषी मानले, तोच आता राजांच्या दारात सरकारचा डोळा म्हणून बसला. बाळाजीपंत नातूंची त्यांना मदत होती. मग आरोप वाढत गेले. पहिला आरोप होता दोन सुभेदारांना फोडण्याचा. त्यात नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा आरोप जोडला गेला. अप्पासाहेब तेव्हा जोधपूरच्या आश्रयाला होते, त्यांच्याजवळ ना फौज ना पैसा. मग गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी, दों मानुएल यांच्याशी, वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. पोर्तुगालहून तीस हजार फौज आणायची आणि इंग्रजांना हाकलायचे, असा बेत म्हणे राजे करत होते. पोर्तुगालची त्या काळातली दशा ज्याला माहीत आहे, त्याला हे ऐकून काय वाटेल? तीस हजार तर सोडाच, गोव्याचा स्वतःचा बंदोबस्तही त्यांना जड जात होता. दों मानुएल यांनी असा काही व्यवहार झाल्याचे नाकारले. तरी कोकणातून मिळवलेल्या शिक्क्यांच्या कागदांवर हा आरोप उभा राहिला आणि टिकला.

आरोप खरे होते का? सरकारी बाजूचा पुरावा पुढे पार्लमेंटच्या कागदपत्रांत छापला गेला आणि तो आजही वाचता येतो. मी तो राजांच्या बाजूने झुकलेल्या मनाने वाचला हे खरे, पण त्यातला मोठा भाग ऐकीव आहे, कैदेतून आलेला आहे, किंवा बक्षिसाच्या आशेने दिलेला आहे, हे विरोधी मनाने वाचणाऱ्यालाही दिसेल. आणि समजा त्यात काही तथ्य असेलच, तर ते सिद्ध करायची जागा उघडे न्यायासन होती. ती जागा सरकारनेच टाळली.

या तीन वर्षांत साताऱ्यात काय झाले असेल याचा विचार करा. राजा गादीवर आहे, पण तो जाणार हे सगळ्यांना कळून चुकले आहे. रेसिडेन्सीत कोण जाते, कोण साक्ष देते, उद्या कोणाची जहागीर वाचेल आणि कोणाची जाईल, याचे हिशेब घराघरात चालू आहेत. धाकटे भाऊ अप्पासाहेब म्हणजे शहाजीराजे राजांपासून दुरावले आणि इंग्रजांच्या बाजूला गेले. राजांच्या विरुद्ध बोलणाऱ्याला सरकारचे अभय, आणि राजांच्या बाजूने बोलणाऱ्यावर कटातला भागीदार म्हणून संशय. अशा हवेत खरे बोलणारा साक्षीदार मिळणार कसा? निकाल लागायच्या आधीच शिक्षा सुरू झाली होती, आणि त्या शिक्षेमुळे पुरावाही एका बाजूचाच गोळा होत गेला.

१८३८ मध्ये लंडनच्या संचालकांनी कळवले, की या प्रकरणात आणखी चौकशी करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि त्याने आपल्या सरकारच्या लौकिकालाही धक्का बसेल. त्यांना लौकिकाची काळजी होती ती कंपनीच्या. राजांचा लौकिक दोन वर्षे टांगलेला होता, त्याबद्दल त्या पत्रात कोणाला काही करावेसे वाटले नाही. निर्दोष आहात असे सांगितले नाही, दोषी आहात असे सिद्ध केले नाही, नुसते प्रकरण मिटवा म्हणाले. मुंबईने तेवढेही ऐकले नाही.

मे १८३९ मध्ये सर जेम्स रिव्हेट कारनॅक मुंबईचे गव्हर्नर झाले. याआधी ते स्वतः लंडनला संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. ऑगस्टमध्ये ते साताऱ्याला आले आणि राजांना भेटले. त्यांनी राजांपुढे एक मसुदा ठेवला. १८१९ चा तह काटेकोर पाळायचा, आपल्या पदरच्या बळवंतराव चिटणीसांना दूर करायचे, भावाशी नीट वागायचे, ज्यांनी साक्षी दिल्या त्यांना त्रास द्यायचा नाही. एवढे केले तर सरकार मागचे सगळे विसरेल आणि राज्य राहील. पण या सगळ्याच्या आधी राजांनी मान्य करायचे होते, की वाईट सल्ला ऐकून आपण तह मोडला.

कारनॅकला ही मोठी उदारता वाटत होती. राजांच्या दृष्टीने ते गोतसभा न भरवता मागितलेले यजितखत होते. निवाडा झालेला नाही, साक्षी समोर आलेल्या नाहीत, आणि हरल्याचे लिहून द्या. राजांनी बाकीच्या अटींची बोलणी केली असती, पण न केलेला गुन्हा कबूल करायला ते तयार नव्हते. पुन्हा पुन्हा भेटी झाल्या. मुदत संपली. सही झाली नाही.

या नकाराला हट्ट म्हणणारे त्या वेळीही होते आणि नंतरही झाले. व्यवहार पाहिला तर सही करणेच शहाणपणाचे होते. राज्य राहिले असते, राजवाडा राहिला असता, म्हातारपण साताऱ्यात गेले असते. पण त्या कागदावर सही झाली असती, तर गोविंदरावांच्या कैदेतल्या कबुलीजबाबापासून गोव्याच्या तीस हजार फौजेपर्यंत सगळे खरे ठरले असते, तेही राजांच्याच हस्ताक्षरात. मग पुढच्या कोणत्याही माणसाला तो पुरावा उलटून पाहायची गरजच उरली नसती. आज आपण या प्रकरणाबद्दल प्रश्न विचारू शकतो, कारण त्या माणसाने राज्य दिले पण सही दिली नाही.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे ओव्हन्सने राजवाड्याला वेढा दिला. आपल्या माणसांनी हात उचलू नये, असे राजांनी आधीच बजावले होते. अंगावरच्या वस्त्रानिशी त्यांना पालखीत घालून साताऱ्याजवळच्या लिंबला नेण्यात आले आणि तिथून पुढे काशीला. गादीवर शहाजीराजांना बसवले. काशीच्या वाटेवर राजांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती वारले. त्यांच्यावर तर धड आरोपही ठेवलेला नव्हता.

मग लढाई लंडनला गेली. रंगो बापूजी गुप्ते राजांचे वकील म्हणून तिथे पोचले आणि जवळजवळ चौदा वर्षे तिथे राहिले. बरोबरचे वकील परतले, पैसे संपले, कर्ज झाले, तरी ते हलले नाहीत. संचालकांकडे अर्ज, पार्लमेंटातल्या सभासदांच्या गाठीभेटी, छापील पत्रके, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्पसन यांनी राजांची बाजू घेतली. साताऱ्याचे आधीचे रेसिडेंट जनरल ब्रिग्ज आणि कर्नल रॉबर्टसन यांनीही घेतली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, गुप्त कमिशनचे अध्यक्ष जनरल लॉडविक स्वतः राजांच्या बाजूने उभे राहिले. ज्या अहवालावर त्यांची सही होती, त्याच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवर वारा खायला उभ्या राहणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना या माणसाने आपले मत जाहीरपणे बदलले हे माहीत असेल? मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, आणि रागही येतो. ते मत १८३६ च्या हिवाळ्यात बदलले असते, तर कदाचित पुढचे काहीच झाले नसते.

त्या सभांमध्ये मागणी राज्य परत द्या एवढीच नव्हती. राजांना एकदा ऐकून घ्या, ही होती. काशीहून राजे स्वतः गव्हर्नर जनरलला पत्रे लिहून तेच मागत होते. बहुमत दर वेळी विरुद्ध गेले. खटला कधीच उभा राहिला नाही, आणि म्हणून सुटकाही कधी होऊ शकली नाही.

इथे एक गोष्ट मनावर घेऊन लिहितो. आपल्याकडे या प्रकरणाचा खलनायक म्हणून बाळाजीपंत नातूंचे नाव घेतले जाते. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी राजे आणि रंगो बापूजींवर लिहिलेल्या तेजस्वी पुस्तकाने ते पक्के झाले. नातूंनी ओव्हन्सला साथ दिली हे कागदांवरून दिसते, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यायलाच हवा. पण प्रत्येक बनावट कागद, प्रत्येक फोडलेला साक्षीदार त्यांच्याच नावावर लिहिताना पुराव्याची तीच कसोटी लावली पाहिजे, जी आपण राजांसाठी मागतो. आणि एका माणसाचे नाव घेऊन त्याच्या सगळ्या जातीवर ठपका ठेवणे, हे तर गुप्त कमिशनने केले त्यापेक्षाही वाईट. ज्या राजाने उघड चौकशी मागितली, त्याच्या बाजूने लिहिणाऱ्याला यात सूट नाही.

कारनॅकचे नाव मुंबईत कारनॅक बंदर आणि त्याजवळच्या पुलाला दीर्घकाळ होते. जुलै २०२५ मध्ये तो पूल नव्याने बांधून खुला झाला तेव्हा नाव बदलून सिंदूर पूल ठेवले गेले, आणि त्या समारंभात मुख्यमंत्र्यांनी प्रतापसिंह महाराजांवरच्या अन्यायाचा उल्लेख केला. बऱ्याच मुंबईकरांनी ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली असावी.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. त्यानंतर सहा महिन्यांतच, ५ एप्रिल १८४८ ला, शहाजीराजे साताऱ्यात वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो नाकारला आणि सातारचे राज्य खालसा केले. साताऱ्याचे तेव्हाचे रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनी विरोध केला, पण ऐकले कोणी? दत्तक नामंजूर करून गिळलेले हे पहिले मोठे राज्य. यासाठी कुठल्या फितुरीचा आरोपही लागला नाही. शहाजीराजे तर सरकारचे आज्ञाधारक होते.

रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस लंडनहून परतले. कायद्याच्या दारात चौदा वर्षे उभे राहून हा माणूस रिकाम्या हाताने घरी आला होता. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी पकडली गेली तेव्हा सरकारने तिच्या मुळाशी त्यांचे नाव लावले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजींना पकडण्यासाठी बक्षीस लावले, माणसे पाठवली. ते सापडले नाहीत. सरकारी कागदांत ते शेवटपर्यंत फरारी आरोपीच राहिले.